मागे भिंत, समोर टाका : आधी फिशआय की मॅक्रो?

लखनौच्या बडा इमामबाड्यात कॅमेरा घेऊन शिरलेला माणूस आधी वर बघतो आणि मग एकेक पाऊल मागे सरकू लागतो. अख्खं दालन चौकटीत बसवायचं असतं. पाठ भिंतीला टेकते, तरी दोन्ही टोकं बाहेरच राहतात. हाच माणूस तासाभराने चौकातल्या चिकनच्या भरतकामाच्या दुकानात उलट दिशेला निघालेला दिसतो. कुर्त्यावरचा तांदळाच्या दाण्याएवढा टाका टिपायला तो पुढे, आणखी पुढे सरकतो आणि एका जागी कॅमेरा फोकस करायचंच नाकारतो. शटरचं बटण दाबलं जातं, पण फोटो निघत नाही. एकाच शहरात एका दिवसात या दोन अडचणी आल्या, की घरी परतल्यावर खरेदीची यादी तयार होते : एक फिशआय, एक मॅक्रो. पैसे मात्र बहुधा एकीपुरतेच असतात.

दोन्ही अडचणींचं मूळ अंतरात आहे. एका ठिकाणी हवं तेवढं लांब जाता येत नाही, दुसऱ्या ठिकाणी हवं तेवढं जवळ जाता येत नाही. म्हणून लेन्स निवडताना ‘किती मिलिमीटरची’ याआधी ‘मी वस्तूपासून किती लांब उभा असेन’ हे विचारलं, तर निम्मा गोंधळ संपतो. तो हिशेब केला की सुरुवातीच्या पातळीचा डीएसएलआर असणाऱ्याने मॅक्रो आधी घ्यावी आणि फिशआय बहुतेकांनी विकत घेऊच नये, असं माझं मत बनतं. त्याची कारणं आकड्यांनिशी पाहू.

अठरा मिलिमीटरमध्ये काय मावतं

कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० यांसारख्या कॅमेऱ्यांचा सेन्सर, म्हणजे ज्यावर चित्र उमटतं तो तुकडा, जुन्या ३५ मिमी फिल्मपेक्षा लहान असतो. कॅननचा साधारण २२.३ मिमी रुंद, निकॉनचा साधारण २३.५ मिमी. लेन्स तीच असली तरी लहान सेन्सर चित्राचा फक्त मधला भाग उचलतो, त्यामुळे दृश्य अरुंद होतं. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ची ‘किट लेन्स’ १८वर ठेवली, की कॅननवर आडवा सुमारे ६४ अंशांचा पसारा मिळतो.

आता दालनाकडे वळू. १७८४च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून नवाब आसफउद्दौलाने हा इमामबाडा बांधायला घेतला. किफायतुल्ला हा त्याचा वास्तुरचनाकार. मधलं दालन सुमारे ५० मीटर लांब, १६ मीटर रुंद आणि १५ मीटर उंच, आणि छताला मधे एकही तुळई किंवा खांब नाही. लांब भिंतीला पाठ लावून समोर कॅमेरा धरला, तर समोरच्या भिंतीचे किटवर जेमतेम २० मीटर येतात. भिंत ५० मीटरची आहे. ती पूर्ण घ्यायची तर ११५ अंशांचा पसारा हवा. १० मिमीची अल्ट्रावाइड, म्हणजे अतिरुंद लेन्स, सुमारे ९६ अंश पाहते आणि साधारण ३५ मीटर घेते. उरलेलं तिच्याही आवाक्याबाहेर आहे.

पण जागा बदलली तर? आखूड भिंतीला टेकून लांबीच्या दिशेने पाहिलं, की १६ मीटरची रुंदी १३ मीटरच्या अंतरापासून पुढे किट लेन्समध्येच पूर्ण बसते. पायाजवळची जमीन सुटते, एवढंच. म्हणजे ‘दालन मावत नाही’ ही तक्रार निम्मी उभं राहण्याच्या जागेबद्दल आहे. हे लक्षात न घेता झालेली लेन्सखरेदी बरीच असावी.

सरळ रेषेची किंमत

नेहमीच्या लेन्स एक अट पाळतात : जगातली सरळ रेषा फोटोतही सरळच आली पाहिजे. ही अट महाग आहे. कॅमेऱ्याच्या नाकासमोरच्या दिशेपासून जसजसं बाजूला जावं, तसतशी दर अंशाला सेन्सरवर जास्त जागा द्यावी लागते. १०च्या लेन्समध्ये कडेला, म्हणजे मध्यापासून ४८ अंशांवर उभा असलेला माणूस जवळजवळ दीडपट रुंद दिसतो. समूहफोटोत टोकाचे नातेवाईक एकाएकी वजन वाढल्यासारखे दिसतात ते यामुळेच. ९० अंशांवर, अगदी खांद्याच्या रेषेत असलेली वस्तू दाखवायला तर सेन्सर अनंत रुंद लागेल. म्हणून रेषा सरळ ठेवणारी १८० अंशांची लेन्स कोणालाही बनवता येत नाही. यात कारागिरीचा दोष नाही, भूमितीच आडवी येते.

फिशआय ही अट सोडून देते. लखलखीत घासलेल्या तांब्याच्या पोटात अख्खं स्वयंपाकघर दिसतं. ओटा, खिडकी, दार सगळं असतं, फक्त वाकलेलं. फिशआयचं चित्र याच जातीचं. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड यांनी १९०६मध्ये पाण्यातल्या माशाला वरचं जग कसं दिसत असेल हे पाहण्यासाठी पाण्याने भरलेला सुईभोकाचा कॅमेरा वापरला होता. पाण्यात शिरताना प्रकाश आतल्या बाजूला वळतो, त्यामुळे पाण्याखालून वर पाहिलं की १८० अंशांचं आकाश सुमारे ९७ अंशांच्या शंकूत आवळून बसतं. फिशआयमधलं पुढचं फुगीर भिंग हेच काम काचेने करतं. मध्यातून जाणाऱ्या रेषा सरळ राहतात आणि बाकीच्या बाहेर फुगतात. म्हणूनच क्षितिज बरोबर मधोमध ठेवलं तर ते सरळ येतं, जरा वर-खाली झालं की धनुष्य होतं.

फिशआयच्याही दोन जाती आहेत. एकीत काळ्या चौकटीत गोल चित्र उमटतं, दुसरीत चौकट पूर्ण भरते आणि १८० अंश फक्त कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलेले असतात. ग्राहक फसतो तो इथे. मोठ्या सेन्सरसाठी केलेली १५ किंवा १६ मिमीची फिशआय लहान सेन्सरवर लावली, की तिच्या कडा कापल्या जातात आणि हाती येते अर्धवट वाकलेली एक साधी वाइड. लहान सेन्सरला ८ ते १०.५ मिमी लागते : सॅमयांगची ८ मिमी, निकॉनची १०.५ मिमी डीएक्स, किंवा टोकिनाची १०-१७ मिमी झूम. सॅमयांगची बांधणी कडेच्या वस्तू इतर फिशआयइतक्या चेपत नाही, त्यामुळे टोकाला उभी असलेली माणसं जरा माणसांसारखी दिसतात.

वाक नवाबाचा की काचेचा?

फिशआयबद्दलचा माझा मुख्य आक्षेप लखनौतच सर्वांत ठळक होतो. रूमी दरवाजा पाहा. सुमारे ६० फूट उंचीचा हा दरवाजा एका बाजूने अर्ध्या घुमटासारखा उघडलेला आहे, आणि त्याच्या कमानीच्या कडेने पाकळ्यांसारखी नक्षी बाहेर पसरते. वक्रता हेच त्याचं सौंदर्य. फिशआयने घेतलेल्या फोटोत पाहणाऱ्याला कळतच नाही, की ही गोलाई १७८४च्या गवंड्याची की जपानी भिंगाची. सपाट भिंतींच्या इमारतीत निदान लेन्सने काय केलं ते ओळखता येतं. जिथे मूळ वस्तूच वाकलेली आहे, तिथे लेन्सचा वाक पुरावा पुसून टाकतो. बडा इमामबाड्याच्या छताचंही तेच. ते तुळईशिवाय तोलून धरलेलं आहे ही त्याची गोष्ट आहे, आणि ती सांगायला छताची खरी रेघ दिसावी लागते.

यावर उत्तर येतं की संगणकावर फिशआयचं चित्र सरळ करता येतं. येतं खरं. पण सरळ करणं म्हणजे आवळलेल्या कडा पुन्हा ताणणं. तिथे बिंदू मुळातच कमी असतात, त्यामुळे कडा पुसट होतात आणि कोपरे कापावे लागतात. हाती उरतं ते अल्ट्रावाइडसारखंच काहीतरी. मग कॅननची १०-१८ किंवा निकॉनची एएफ-पी १०-२० अशी हलकी अल्ट्रावाइड का घेऊ नये? दोन्ही लेन्स नेमक्या याच वर्गातल्या कॅमेऱ्यांसाठी बनल्या, आणि दोन्हींत हात हलला तरी चित्र सावरणारी सोय आहे. ट्रायपॉडला सहसा परवानगी नसलेल्या अंधाऱ्या वास्तूत या सोयीची किंमत कळते.

दुसरा मार्ग त्याहून स्वस्त आणि बराच जुना आहे. फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने १८५८मध्ये, उठावातल्या लढाईनंतरच्या उद्ध्वस्त लखनौचे अनेक फोटो शेजारीशेजारी जोडून विस्तीर्ण देखावे तयार केले. आज तेच काम संगणक मिनिटात करतो. कॅमेरा उभा धरायचा, एकतृतीयांश भाग एकमेकांवर येईल अशा बेताने पाच-सहा फोटो घ्यायचे आणि जोडायचे. इथे मर्यादा दोन. माणसं हलत असतील तर एखादा दोनदा येतो किंवा अर्धाच येतो. शिवाय जवळचं झुंबर मागच्या भिंतीशी जुळत नाही, कारण कॅमेरा वळवताना लेन्सही जरा सरकते आणि जवळची वस्तू लांबच्या वस्तूपेक्षा जास्त हललेली दिसते. सकाळी लवकर गेलं आणि जवळच्या वस्तू टाळल्या, तर दोन्ही अडचणी आटोक्यात राहतात.

थोडक्यात, फिशआयने मिळणारी बरीचशी माहिती दुसऱ्या मार्गानेही मिळवता येते. मॅक्रोचं तसं आहे का?

टाक्याकडे जाताना

‘मॅक्रो’ या शिक्क्यावर विश्वास ठेवण्याआधी एकच आकडा पाहावा : मोठेपणाचं प्रमाण. १:१ म्हणजे वस्तू जेवढी, तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर. कॅननच्या २२.३ मिमी सेन्सरवर १:१ने सव्वादोन सेंटिमीटर रुंद कापड अख्खी चौकट भरतं. बऱ्याच ७०-३०० झूमवर ‘मॅक्रो’ छापलेलं असतं, पण त्यांचं प्रमाण १:२ किंवा त्याहून कमी असतं. किट लेन्सचं ०.३४ ते ०.३८ असतं, म्हणजे सहा-साडेसहा सेंटिमीटरचा तुकडा.

इथे किट लेन्सच्या बाजूने एक मुद्दा मान्य करायला हवा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे ६००० बिंदू असतात. किट लेन्सने साडेसहा सेंटिमीटरचा तुकडा टिपला तर एका मिलिमीटरला सुमारे ९० बिंदू पडतात. कुर्त्याच्या गळ्यावरची पूर्ण बुट्टी दाखवायला ते भरपूर आहेत. विकण्यासाठी फोटो काढणाऱ्या दुकानदाराला बहुधा वेगळी मॅक्रो लागणारही नाही. १:१वर हेच प्रमाण मिलिमीटरला सुमारे २७० बिंदूंवर जातं. हा फरक बुट्टी आणि टाका यांच्यातला आहे. चिकनकारीला २००८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तिची ओळख टाक्यांच्या प्रकारांत आहे. मुर्री तांदळाच्या दाण्यासारखी उठावदार, फंदा त्याहून बारीक गाठीचा. बखिया कापडाच्या उलट्या बाजूने भरतात आणि सुलट बाजूला फक्त त्याची सावली झिरपते. जाळीत सूत कापत नाहीत, सुईने धागे बाजूला सारून भोकं पाडतात. हाताची जाळी की यंत्राची, हे त्या भोकाच्या काठावर धागा तुटला आहे की सरकला आहे यावरून ताडता येतं. हा तपशील फोटोत मुळात आलाच नसेल, तर मागाहून कोणतंही सॉफ्टवेअर तो खरेपणाने आणून देऊ शकत नाही. जोडकाम करून दालन रुंद करता येतं, पण न टिपलेला धागा परत मिळवता येत नाही. मॅक्रोला अग्रक्रम द्यायचा तो यासाठी.

सुईला जागा हवी

मॅक्रो घ्यायची ठरली, की ३५, ४०, ६०, ८५, ९०, १०० असे आकडे समोर येतात. १:१ सगळ्या देतात, मग फरक कसला? फरक आहे लेन्सच्या तोंडापासून वस्तूपर्यंत उरणाऱ्या जागेत. माहितीपत्रकात छापलेलं किमान अंतर सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या टोकापासून नाही, हे दुकानात सहसा कोणी सांगत नाही. कॅननच्या ३५ मिमी मॅक्रोचं किमान अंतर १३ सेंटिमीटर लिहिलेलं असतं. त्यातून कॅमेऱ्याची आणि लेन्सची लांबी वजा केली की उरतात जेमतेम ३ सेंटिमीटर. निकॉनच्या ४० मिमीचीही गत साधारण तशीच. कॅननच्या ६०मध्ये ९-१० सेंटिमीटर मिळतात, निकॉनच्या ८५ आणि कॅननच्या १०० मिमीमध्ये साधारण १४-१५.

दुकानात घडी उलगडून ठेवलेल्या कापडाला ३ सेंटिमीटर चालतील. पण भरतकाम चालू असताना हात, सुई आणि वर खेचला जाणारा धागा या सगळ्यांना जागा लागते. तोंडापाशी कॅमेरा आणून कारागिराचं काम थांबवायचं आणि वर ‘कामात मग्न’ असा फोटो काढायचा, यात काही अर्थ नाही.

जागेचा दुसरा संबंध उजेडाशी. मुर्रीचा उठाव दिसायला उजेड तिरका पडावा लागतो, म्हणजे दाण्याच्या एका बाजूला बारीक सावली पडते. बखियाला कापडामागून उजेड हवा. जाळीखाली गडद कापड धरलं की भोकं उठून दिसतात. लेन्स ३ सेंटिमीटरवर आली, की तिचीच सावली कापडावर पडते. कॅननने ३५च्या तोंडाशी छोटे दिवे बसवून यावर उपाय केला, आणि त्यांपैकी एकाच बाजूचा दिवा लावायची सोयही दिली. तरी खिडकीतून येणाऱ्या तिरक्या उन्हाची बरोबरी ते करत नाहीत. फोनच्या मॅक्रोला हीच अडचण आणखी मोठ्या प्रमाणात नडते, कारण अनेक फोनमध्ये ते काम वाइड लेन्स करते आणि फोन कापडाला जवळजवळ चिकटवावा लागतो.

१:१वर स्पष्टतेचा थर किती पातळ असतो, हे कळलं नाही तर नवी लेन्स सदोष वाटते. लेन्सचं छिद्र एफ/२.८वर असेल तर तो सुमारे ०.२ मिलिमीटर, एफ/८वर सुमारे ०.६. मुर्रीचा माथा स्पष्ट आला तर कापड धूसर. म्हणून कापड सेन्सरला समांतर धरायचं आणि एफ/८ ते एफ/११च्या दरम्यान राहायचं. छिद्र आणखी बंद करून उपयोग नाही. इतक्या जवळ लेन्सचं परिणामी छिद्र छापील आकड्यापेक्षा लहान होतं, एफ/१६चा परिणाम एफ/३२सारखा होतो, आणि अतिलहान छिद्रातून जाणारा प्रकाश पसरून सगळंच चित्र थोडं मऊ करतो.

▪ चौकट : दुकानात जाण्यापूर्वी ▪
मॅक्रोवर १:१ लिहिलंय का ते पाहा. किमान अंतराचा आकडा बाजूला ठेवा आणि लेन्सच्या टोकापासून उरणारी जागा विचारा. कारागिराचे हात टिपायचे तर ८५ ते १००, फक्त घडीचं कापड टिपायचं तर ६०ही पुरे. फिशआय लहान सेन्सरसाठी आहे का आणि चित्र गोल येतं की चौकटभर, हे स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून पाहा. निकॉन असेल तर लेन्समध्ये मोटर आहे की नाही, हा प्रश्न विसरू नका.

मोटर, नळ्या आणि जुना बाजार

या शेवटच्या प्रश्नाचं कारण असं : निकॉनच्या डी३५०० आणि डी५६०० या मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लेन्समध्ये ती असते, नुसत्या ‘एएफ’ लेन्समध्ये नसते. त्यामुळे निकॉनची १०.५ फिशआय किंवा जुनी ६० मिमी ‘डी’ मॅक्रो या कॅमेऱ्यांवर आपोआप फोकस करत नाही. पुढे मिररलेस कॅमेऱ्यावर जायचं म्हटलं तरी त्यावर या लेन्स जोडणारा निकॉनचा एफटीझेड अडॅप्टर ही मोटर पुरवत नाही. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये मोटर आतच असल्याने हा प्रश्न तिथे येत नाही.

मात्र याचा बाऊही करू नये. ८ मिमीची फिशआय एफ/८वर अर्ध्या मीटरच्या खुणेवर ठेवली, की पाऊण फुटापासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं, मग फोकसला हात लावायची गरजच काय? मॅक्रोतही १:१ला रिंग स्थिर ठेवून कॅमेराच हळूहळू मागे-पुढे करणं जास्त सोपं जातं. मोटर हवी ती मॅक्रो लेन्सच्या दुसऱ्या उपयोगासाठी, म्हणजे माणसांचे चेहरे टिपताना. सॅमयांग निकॉनवर वापरायची असेल तर चिप असलेली आवृत्ती घ्यावी. नाहीतर सुरुवातीच्या पातळीचे निकॉन उजेडही मोजून देत नाहीत.

एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे कॅमेरा आणि लेन्स यांच्यामधली पोकळ नळी, हा स्वस्त पर्याय आहे. ५० मिमीच्या लेन्समागे २५ मिमीची नळी लावली की प्रमाण सुमारे ०.५ने वाढतं. लेन्सचं स्वतःचं ०.२ धरलं तर ०.७पर्यंत पोचता येतं, आणि नळीत काच नसल्याने ती स्वतः चित्रात काचेचा नवा दोष आणत नाही. तिची मुख्य खोट ही, की लांबचा फोकस जातो आणि जवळची जागाही घटते. नळी घेतलीच तर विजेचे संपर्क असलेली घ्यावी. त्यांच्याविना कॅननच्या लेन्सचं छिद्र बदलता येत नाही. मॅक्रोची हौस टिकते का हे पाहायला मात्र नळी उत्तम.

आता डीएसएलआरच्या लेन्सचा बराच व्यवहार जुन्या बाजारात होतो. लखनौचा पावसाळा असो वा कोकणातला, दमट हवेत पडून राहिलेल्या भिंगावर बुरशी धरते. घेण्यापूर्वी मागून मोबाइलचा टॉर्च लावून आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा नाहीत ना, हे पाहावं. फिशआयचं पुढचं भिंग इतकं फुगीर असतं, की त्यावर नेहमीचा रक्षक फिल्टर बसत नाही. तिथे ओरखडे आधी शोधावेत.

फिशआय कुणी घ्यावी, मग? जागा फिरवून पाहता येईल असे ३६० अंशांचे आभासी दौरे करणाऱ्यांनी. त्यांना कमीत कमी फोटोंत पूर्ण खोली झाकायची असते, आणि त्यांचं सॉफ्टवेअर वाक उलगडतंच. झुंबराखाली उभं राहून सरळ वर पाहणाऱ्या एखाद्या फोटोसाठीही ती शोभते. लखनौचाच छोटा इमामबाडा त्यासाठीच जणू सजवलेला आहे. चित्राच्या मध्याभोवती सगळं सारखंच फुगतं, त्यामुळे तिथे वाक खोटा वाटत नाही. असा फोटो वर्षातून दोनदा काढायचा असेल, तर ती दोन दिवस भाड्याने आणावी.